गावावरच्या मातीच्या तलावाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी वाढते आहे : काय पाहावे, कोणाला सांगावे?

प्रश्न : ओढ्याकाठ

नमस्कार. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, दीड किलोमीटरवर, ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेला जुना लघुपाटबंधारे तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात कामावर लागलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनीच तो उभा केला. माझ्या आईने त्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत, आणि थर पडला की बैल जुंपलेला दगडी रूळ त्यावरून कसा फिरे, हे ती अजून सांगते. तलाव सिंचनासाठी बांधला असला तरी गावाला त्याचा दुसरा उपयोग अधिक जाणवतो. तलाव होण्याआधी एका मोठ्या पावसाने ओढा देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चढत असे. नंतर तो लोंढा वरच अडून सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जाण्याच्या वाटेने, सावकाश उतरू लागला, आणि त्या भरवशावर, पूर्वी जिथे कोणी गोठाही बांधला नसता अशा ओढ्याच्या काठावर, आता चाळीसएक घरे आणि अंगणवाडी उभी आहे.

माझी काळजी पुढीलप्रमाणे आहे. विमोचकाच्या (बांधाखालून पाणी सोडण्याच्या नळाच्या) डाव्या बाजूला, बांधाच्या पायथ्यापासून चार-पाच पावलांवर, गेल्या दोन पावसाळ्यांपासून पाणी वाहू लागले आहे. पूर्वी तिथे नुसती ओल असे आणि लव्हाळा वाढे. गेल्या वर्षी तलाव पूर्ण भरलेला असताना तिथे १५ लिटरचा डबा भरायला ४० सेकंद लागले होते. यंदा पाणी सांडव्याच्या दीड हात खाली असताना तोच डबा २२ सेकंदांत भरला. पाणी एरवी स्वच्छ दिसते, परंतु परवाच्या पावसानंतर ते किंचित पिवळसर वाटले. पावसाचे वाहते पाणी त्यात मिसळले की आतून माती येते आहे, हे मला ठरवता आले नाही. त्याच रेषेत, बरोबर वर, बांधाचा माथा बशीसारखा बसला आहे आणि पाऊस थांबल्यावर पाणी तिथेच साचून राहते. उतारावर वेड्या बाभळी माजल्या आहेत आणि घुशींची बिळे जागोजागी आहेत. सांडव्यावर दर वर्षी काही शेतकरी वाळूच्या गोण्या रचून पाणी अर्धा मीटर अधिक अडवतात.

संबंधित कार्यालयाला दोन अर्ज दिले. एक कर्मचारी पाहून गेले आणि 'मातीचे धरण पाझरतेच' असे सांगून गेले. गावातल्या तरुणांचे म्हणणे आहे की दोन ट्रॉली काळी माती टाकून तो झरा बुजवून टाकावा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून पावसाच्या रात्री आमच्या खालच्या आळीत कोणी निर्धास्त झोपत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे : हे पाझरणे नेहमीचे आहे की धोक्याचे, आणि माती टाकून ते बंद करावे का?

उत्तर १ : जुनी मोजणीवही

मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर तीस वर्षे काढली आहेत, त्यातली बरीचशी अशाच लहान तलावांवर. सर्वांत आधी निकडीची गोष्ट सांगतो : त्या झऱ्यावर काळी माती टाकू नका, आणि कोणाला टाकूही देऊ नका.

मातीचे धरण पाझरतेच, हे वाक्य खरे आहे, पण ते अर्धेच आहे. मधल्या काळ्या मातीच्या गाभ्यातूनही थोडे पाणी झिरपतेच, आणि ते निमूटपणे बाहेर जावे म्हणूनच पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड यांचा निचरा ठेवलेला असतो. पाहायचे असते ते एवढेच की पाणी किती येते, तलावाच्या पातळीबरोबर ते कमीजास्त होते का, आणि ते येताना सोबत माती आणते का. तलावाची पातळी गेल्या वर्षीपेक्षा खाली असताना पाणी जवळजवळ पावणेदोनपट झाले, ही आपण दिलेली एकच नोंद मला अस्वस्थ करण्यास पुरेशी आहे. दाब कमी झाला असताना प्रवाह वाढतो, याचा अर्थ आतली वाट रुंदावली आहे.

पिवळसर रंगाचा निकाल घरीच लावता येतो. पाऊस नसलेल्या दिवशी, झऱ्याच्या अगदी तोंडाशी, तळ न ढवळता, काचेच्या पारदर्शक बरणीत पाणी भरा आणि ती रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला, तर ती माती बांधाच्या पोटातून किंवा पायातून आलेली आहे. एक कण सुटतो, त्याच्या जागेतून पाणी जास्त वेगाने जाते, ते पुढचा कण ओढते, आणि ही पोकळी बाहेरून आत, तलावाच्या दिशेने सरकत जाते. आम्ही याला पायपिंग म्हणतो. पोकळी तलावापर्यंत पोचली की पुढचे सारे काही तासांत उरकते.

आता माती का टाकायची नाही. खालच्या बाजूने तोंड बंद केले की पाणी थांबत नाही, ते आत तुंबते, भराव भिजवते आणि दुसरीकडून, बहुधा अधिक वाईट जागेवरून, फुटते. पाणी अडवायचे ते तलावाच्या बाजूने. बाहेरच्या बाजूने ते जाऊ द्यायचे, फक्त मातीला जाऊ द्यायचे नाही. त्यासाठी तोंडावर आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि वर वजनाला दगड, असे थर देतात. पाणी वाळूतून गाळून निघते आणि कण जागच्या जागी राहतो. मात्र हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे, कारण वाळू कोणत्या जाडीची घ्यायची हे तिथल्या मातीवर ठरते.

झरा विमोचकाशेजारी आहे आणि त्याच रेषेत माथा बसला आहे, या दोन गोष्टी मी एकत्र वाचतो. विमोचकाच्या, म्हणजे मोरीच्या, नळाला लागून माती नीट ठोकली जात नाही. रूळ तिथे पोचतच नाही. त्यामुळे नळाच्या कडेने पाणी वाट काढते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाही अपुऱ्या राहिलेल्या विमोचकावरचाच भराव खचत गेला होता. जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांनी तो उचलून धरण्याचा प्रयत्न केला, पण शेवटी पाणी माथ्यावरून गेले. मातीचे धरण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. दगडी धरण काही काळ तरी सोसते. मातीचा बांध खालच्या उतारापासून कापला जात वर येतो.

म्हणूनच गोण्यांविषयी स्पष्ट लिहितो. समजा, मोठ्या पुरात आपल्या सांडव्यावरून दीड मीटर उंचीचे पाणी जावे, असा हिशेब धरलेला आहे. अर्धा मीटर गोण्या रचल्या तर एक मीटर उरतो. सांडव्याचा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने बदलतो, म्हणून वहनक्षमता एकतृतीयांशाने नव्हे तर जवळजवळ निम्म्याने घटते. उरलेला पूर बसलेल्या माथ्याकडे वळेल. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरणाच्या दोन्ही बाजूंचे मातीचे भराव असेच ओलांडले गेले आणि मोरबी शहर बुडाले. तिथे आलेला पूर रचनेत धरलेल्या पुराच्या दुपटीहून अधिक होता. आपल्या तलावावर निसर्गाने तसे करण्याची वाट न पाहता आपणच आपल्या हाताने सांडवा निम्मा करू नये.

उत्तर २ : रब्बीची पाळी

मी पाणीवापर संस्थेत काम करतो आणि अशाच तलावावर माझा ज्वारी-हरभरा उभा राहतो, त्यामुळे गोण्या रचणाऱ्यांची बाजू मला कळते. पावसाळा सरला असे वाटले की सांडव्यावरून जाणारे पाणी डोळ्यांसमोर वाया जाताना पाहवत नाही. अर्धा मीटर पाणी म्हणजे आमच्याकडे पिकाला आणखी एक पाण्याची पाळी. परंतु परतीचा पाऊस ऑक्टोबरात एका रात्रीत तलाव भरून टाकतो आणि त्या वेळी अंधारात सांडव्यावर जाऊन गोण्या काढायला कोणी धजत नाही. आमच्या संस्थेने ठराव करून हे बंद केले. भांडणे झाली, पण ठराव टिकला.

ज्या दोन गोष्टी कोणी विचारत नाही त्या आपण तपासाव्यात. पहिली, गाळ. तलावातला गाळ शेतात नेणे चांगलेच आहे, परंतु आमच्याकडे यंत्र आले तेव्हा लांब जायला नको म्हणून बांधाच्या आतल्या पायथ्यालगतच खोल खोदले गेले. वर्षानुवर्षे बसलेला तो चिकण गाळ पाणी जमिनीत शिरू देत नव्हता. तो उचलल्यावर खालचा मुरूम उघडा पडला आणि पुढच्याच पावसाळ्यात बाहेरच्या शेतात उमाळे फुटले. शेत माझ्या चुलत्यांचे होते. जिथे औत चालायचे तिथे पाय घोट्यापर्यंत रुतू लागला. गाळ नेताना बांधापासून किती अंतर सोडायचे ते लेखी घ्यावे आणि चुन्याची रेघ आखूनच यंत्र आत सोडावे.

दुसरी, पाइपलाइन. काही जण मोटारीचा पाइप बांध आडवा चरून पलीकडे नेतात आणि चर सैल मातीने बुजवतात. वरून काही दिसत नाही. गवत उगवून जाते. आपला झरा जिथे आहे त्या रेषेत असा चर कधी खोदला होता का, हे जुन्या माणसांना विचारा. दंड होईल या भीतीने लोक सांगत नाहीत, तेव्हा आधी अभय देऊन विचारावे लागते.

उत्तर ३ : ओक्लाहोमाहून

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, सध्या अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहते. माझ्या घराच्या वर असाच मातीचा लहान बांध आहे, म्हणून लिहिते आहे. केवळ पूर अडवण्यासाठी शेतीच्या मुलखात असे छोटे बांध बांधण्याची सुरुवात याच राज्यात झाली : वॉशिटा नदीच्या खोऱ्यात, कॉर्डेल गावाजवळ, १९४८ मध्ये पहिला बांध पुरा झाला. पुढे १९५४ च्या आणि इतर कायद्यांखाली देशभर मिळून अकरा हजारांहून अधिक बांध झाले. एरवी त्यांत थोडेच पाणी असते आणि वरची मोठी जागा पुरासाठी रिकामी ठेवलेली असते. आलेला लोंढा एका उभ्या नळातून कित्येक दिवस सावकाश सोडला जातो, आणि फार मोठा पूर आला तरच बाजूचा गवताळ सांडवा वाहतो.

आपला तलाव आणि हे बांध यांतला एक फरक ओढ्याकाठच्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. आपला तलाव सांडव्यापर्यंत भरलेला असला की पूर थोपवण्याची त्याची ताकद फारच थोडी उरते. सांडव्याच्या वर जेवढे पाणी पसरू शकते तेवढीच. जूनमधला लोंढा त्याने अडवला म्हणून सप्टेंबरमधलाही अडेल, असे गावाने धरून चालू नये.

इथल्या बहुतेक बांधांचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले होते आणि ते आता सरले आहे. बांध बांधले तेव्हा खाली नुसती गव्हाची शेते आणि कुरणे होती. फुटला तर पीक जाईल एवढाच विचार होता. मग आपल्या गावासारखेच झाले. पूर येत नाही असे पाहून खाली घरे आली, आणि बांध तोच असूनही त्याचा धोक्याचा वर्ग बदलला. २००० मध्ये जुन्या बांधांच्या नूतनीकरणासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपणही अर्जात चाळीस घरे आणि अंगणवाडी यांचा उल्लेख पहिल्याच ओळीत करावा. बांधाची उंची त्यानंतर लिहावी. तपासणी करणाऱ्याच्या दृष्टीने खाली कोण राहते, ही माहिती मातीच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची असते.

उत्तर ४ : ठरावबुक

'कोणाला सांगावे' या भागाबद्दल लिहितो. धरण सुरक्षितता कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरणे त्यात सरसकट येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे मात्र त्यांची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा धरलेला पूर किमान २,००० घनमीटर प्रतिसेकंद असेल, अथवा पाया विशेष अवघड किंवा रचना वेगळी असेल तरच येतात. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे आणि आपत्कालीन कृती आराखडाही करावा लागतो. आपला तलाव यात बसतो की नाही हे आधी पाहा. फलकावरची उंची पुष्कळदा ओढ्याच्या तळापासूनची असते; कायद्यातली उंची पायाच्या सर्वसाधारण भागातल्या सर्वांत खोल ठिकाणापासून माथ्यापर्यंत मोजतात. त्यामुळे माहितीच्या अधिकारात बांधाचा छेदनकाशा, साठ्याचा तक्ता आणि मागच्या तपासण्यांचे अहवाल मागावेत.

बसत नसेल तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. आपल्या राज्यात १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरची, ६०० हेक्टरपर्यंतची, मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. तलाव नेमका कोणाच्या ताब्यात आहे हे पहिल्या अर्जातच ठरवून घ्या, नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. तिलाही प्रत पाठवा. आपण मोजलेले ४० आणि २२ सेकंद तारखेसह लिहा, छायाचित्रे जोडा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि पोच घ्या. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनीही गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या, हे घटनेनंतरच्या बातम्यांत आले. खेकड्यांनी धरण पोखरले, असेही तेव्हा सांगण्यात आले. खेकडे आणि घुशी बिळे करतातच. ती शोधून बुजवणे हाच देखभालीचा भाग आहे.

आणि हे सारे कागद चालू असताना पाणी थांबत नाही. बरणीत माती दिसली तर अर्जाची वाट न पाहता त्याच दिवशी तहसीलदारांना भेटा, जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवा आणि काठावरच्या घरांची यादी सोबत न्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली, तेव्हा खालची अठरा गावे आधी रिकामी केली गेली आणि मग बाजूने चर खोदून पाणी उतरवले गेले. बांधाचा काही भाग वाहून गेला, पण माणूस एकही गेला नाही.

ओढ्याकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बरणीचा निकाल आला : सकाळी तळाशी नखाएवढ्या जाडीचा तांबूस थर होता, आणि तो तलावातल्या काळ्या गाळासारखा नव्हता, भरावातल्या मुरमासारखा होता. बरणी तशीच झाकण लावून तहसील कार्यालयात नेली. कागदाने जे दोन वर्षांत झाले नाही ते त्या बरणीने एका दुपारी केले. दुसऱ्या दिवशी दोन अभियंते आले. त्यांनी झऱ्याच्या तोंडावर वाळू-खडीचे थर दिले, गोण्या काढायला लावल्या आणि विमोचक थोडा उघडला. काठावरची घरे पाऊस असेल त्या रात्री शाळेत झोपतात. त्यात माझी आईही आहे. पाइपचा चर कोणी खोदला होता तेही कळले, आणि त्या गृहस्थांनी स्वतःच जागा दाखवली.

आता दोन प्रश्न उरले आहेत. लोक म्हणतात, विमोचक पूर्ण उघडून तलाव एकदाचा रिकामा करा. आणि बाभळी लगेच मुळासकट उपटाव्यात का?

जुनी मोजणीवही

दोन्हींचे उत्तर 'घाई नको' असे आहे. पाणी झपाट्याने उतरवले तर आतल्या उताराची माती ओलीच राहते, पण तिला टेकलेला पाण्याचा आधार निघून जातो, आणि काळ्या मातीचा उतार तलावाच्या बाजूने घसरतो. रोज किती उतरवायचे हे आलेल्या अभियंत्यांनीच ठरवावे. झऱ्याला पुन्हा माती येऊ लागली किंवा माथा आणखी बसला तरच हा हिशेब बदलेल, आणि तेव्हा घरे आधी रिकामी करावी लागतील. विमोचक उघडा असताना नळाच्या शेजारचा झरा दिवसातून दोनदा पाहा. नळातून पाणी चालू असताना तो वाढतो का, ही नोंद अभियंत्यांना फार उपयोगी पडेल.

बाभळी आता वरून छाटा, पण मुळे उपटू नका. भरलेल्या तलावावर मूळ उपटले की त्याच्या जागी भोक राहते. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर मुळे खणून काढावीत आणि खड्डा सहा-सहा इंचांचे थर देत, किंचित पाणी मारत, ठोकून भरावा. घुशींच्या बिळांचेही तेच : आधी बीळ शेवटपर्यंत उकलायचे, मग भरायचे. नुसते तोंड लिंपले तर आतला बोगदा तसाच राहतो. डबा आणि घड्याळ मात्र रोज, एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातात असू द्या, आणि शेजारी तलावाची पातळी लिहायला विसरू नका.